टायरमध्ये जेल टाकलंय, पण हवा बघता का?

[गाडी सेंटर स्टँडवर. कॅमेरा मागच्या चाकाजवळ.]

नमस्कार मंडळी. जरा जवळून दाखवतो, हे बघा. माझ्या गाडीचं मागचं चाक. नक्षीच्या खाचेत हे जे चमकतंय, तो खिळा आहे. डोकं घासून पार गुळगुळीत झालंय, म्हणजे हा काल-परवा घुसलेला नाही. कितीतरी दिवस मी ह्याला घेऊन फिरतोय. गाडी वळवळली नाही, जड झाली नाही. आज चाक धुताना हाताला लागला म्हणून कळलं.

टायरमध्ये जेल आहे, म्हणजे भोक आतून बंद करणारा चिकट द्रव, म्हणून हे झालं. दुकानात सीलंट म्हणून मागितलं तरी मिळतं, पंक्चरच्या दुकानात सगळे जेलच म्हणतात.

हा खिळा मी आज तुमच्यासमोर काढणार आहे. त्याआधी मला ह्या विषयाची एवढी काळजी का वाटते, ते सांगतो.

आमच्या सांगली-कराड पट्ट्यात दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू होतात. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बैलांच्या खुरांना पत्र्या मारलेल्या असतात. डांबरावर चालून चालून त्या झिजतात, आणि त्यांचे खिळे रस्त्यावर पडतात. आखूड, दणकट खिळा. पुढचं चाक त्याच्यावरून जाताना त्याला उडवून उभा करतं आणि मागचं चाक बरोबर त्याच्यावर बसतं. पंक्चर बहुतेक वेळा मागचंच का निघतं, त्याचं हे एक कारण.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी विट्याहून कराडकडे येत होतो. मागे आई बसलेली. रात्रीचे साडेनऊ. गाडी आऱ्यांच्या चाकाची, म्हणजे आत ट्यूब. स्पीड 50 च्या आसपास. काही कळायच्या आत मागचं चाक डावी-उजवीकडे वळवळायला लागलं. ब्रेक दाबला नाही, अ‍ॅक्सिलेटर सोडून दिला, गाडी कशीबशी कडेला आली. आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही वळ होते. मग चार किलोमीटर मी गाडी ढकलतोय आणि आई शेजारून चालतेय. ती एक शब्द बोलली नाही, पण ते चालणं मी विसरलेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. ट्यूबचा टायर आणि ट्यूबलेस टायर, ह्यांच्यात पंक्चर झाल्यावर काय होतं ते आधी समजून घ्या. जेल कुठे चालणार आणि कुठे नाही, ते त्यावरच ठरतं.

ट्यूब म्हणजे फुगाच. पातळ रबर, ताणलेलं. खिळा घुसला की ट्यूब आत सरकते, भोकाची चीर होते. हवा आऱ्यांच्या भोकांतून आणि व्हॉल्व्हच्या बाजूनं भसाभस निघून जाते. त्या रात्री माझ्या गाडीचं हेच झालं. ट्यूबलेसमध्ये टायरच हवा धरून ठेवतो. रबर जाड, आत दोऱ्यांचे थर. खिळा घुसला तर ते रबर खिळ्यालाच घट्ट आवळून धरतं, म्हणून हवा हळूहळू जाते. काही वेळा दोन दोन दिवस लागतात. तुमच्या टायरवर बघा, टीएल लिहिलं असेल तर ट्यूबलेस, टीटी असेल तर ट्यूबचा.

म्हणून जेलचं खरं काम ट्यूबलेसमध्ये. कंपन्या साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक बंद होतं असं सांगतात, तेही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात. ट्यूबसाठी वेगळं जेल मिळतं. बारीक काटा, बारीक खिळा ह्याला ते उपयोगी पडतं. पण ट्यूब फाटली तर कुठलंच जेल तिला जोडू शकत नाही. माझ्या आईबरोबरच्या त्या रात्री टायरमध्ये जेल असतं तरी फार फरक पडला नसता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तुमची गाडी आऱ्यांची असेल आणि बजेट असेल, तर आधी ट्यूबलेस चाकांचा विचार करा, जेलचा नंतर.

[हातात बाटली. थोडं जेल काचेच्या वाटीत ओततो.]

हे बघा, दिसतं कसं. हिरवट, चिकट, पातळ खिरीसारखं. बोटाला घेऊन चोळलं की बारीक बारीक तंतू लागतात. हे दिसतायत का? ह्यातला पातळ भाग म्हणजे ग्लायकॉल, गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये असतं तेच. ते लवकर सुकत नाही आणि थंडीत गोठत नाही. त्यात हे तंतू आणि रबराचे कण मिसळलेले असतात. ग्लायकॉलचा एक प्रकार चवीला गोड आणि पोटात गेला तर विषारी असतो. त्यामुळे बाटली लहान मुलांपासून, कुत्र्यांपासून लांब ठेवा. सांडलं तर लगेच पाण्यानं धुऊन टाका.

गाडी उभी असताना हे सगळं टायरच्या तळाशी साचलेलं असतं. चाक फिरलं की पसरतं. किती जोरात, ते मी एकदा वहीवर मांडून बघितलं. 100/90-17 साइझचा टायर एका फेरीत साधारण 1.9 मीटर जातो. 60 च्या स्पीडला सेकंदाला जवळजवळ नऊ फेऱ्या. ह्या वेगाला आतलं जेल स्वतःच्या वजनाच्या 80 ते 90 पट जोरानं टायरच्या आतल्या बाजूला दाबलं जातं. त्यामुळे नक्षीच्या मागे सगळीकडे त्याचा लेप बसतो. खिळा निघाला की आतली हवा बाहेर पळते. 33 पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलोच्या वर दाब. ती हवा जेललाही भोकात ओढून नेते. पातळ भाग पुढे निघून जातो, तंतू अडकतात, त्यांच्यावर रबराचे कण अडकतात आणि बूच बसतं. आपल्याकडे नदीच्या बंधाऱ्यात पाणी अडवायला पालापाचोळा कसा अडकत जातो, तसंच.

आता ह्यातच त्याची मर्यादाही आहे. जेल बाहेरच्या बाजूला, नक्षीकडे फेकलं जातं. टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत ते नीट पोचत नाही, आणि भिंत सतत दबते, वाकते, त्यामुळे तिथलं बूच टिकतही नाही. खड्ड्यात आपटून रिम वाकली आणि कडेनं हवा जातेय, तर तिथेही जेल जात नाही. व्हॉल्व्ह लीक असेल तरी नाही. आणि टायर झिजून गुळगुळीत झालेला असेल तर कृपा करून जेलवर पैसे घालू नका, आधी टायर बदला. दुचाकीच्या नक्षीची खोली 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्यानंच तो टायर बाद आहे.

आणखी एक प्रकार मिळतो, स्प्रेच्या डब्यात. तो आधी टाकायचा नसतो, पंक्चर झाल्यावर वापरायचा. त्यात जेलही आणि हवाही. हायवेला अडकलात तर दुकानापर्यंत पोचवतो. 2020 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि सीलंटचं किट असेल तर मोटारकारला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. म्हणजे कारवाल्यांसाठी हा द्रव आता नियमात बसलाय. पण लक्षात घ्या, तिथे किटबरोबर दाब सांगणारी यंत्रणाही लागते. आपल्या बहुतेक दुचाकींना ती नाही.

माझं सगळं बोलणं ह्याच गोष्टीसाठी आहे. जेल नसताना हवा कमी होते, गाडी जड लागते, तुम्ही उतरून बघता. जेल टाकलं की टायर तक्रार करायचाच थांबतो. आत खिळा आहे, तो आतले दोरे घासतोय, त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातंय, आणि आपण निवांत. जेलनं तुम्हाला रात्रीचं ढकलणं वाचवलं, घाटात एकदम हवा जाण्यापासून वाचवलं, त्याबद्दल त्याचे आभारच. पण त्यानं पंक्चर काढलेलं नसतं, थांबवलेलं असतं.

टाकायचं कसं, ते पटकन सांगतो. व्हॉल्व्ह अगदी खाली ठेवू नका, नाहीतर ओतलेलं परत बाहेर येतं. हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व्हची पिन काढायचं छोटं टूल बाटलीबरोबर येतं, त्यानं पिन काढा आणि खिशात ठेवा, जमिनीवर नाही. बाटली चांगली अर्धा मिनिट हलवा, तंतू तळाशी बसलेले असतात. बाटलीवर तुमच्या टायरच्या साइझपुढे जेवढे मिलिलिटर लिहिलेत तेवढंच टाका. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साधारण 300 च्या आसपास, पुढच्याला कमी. जास्त टाकलं म्हणून जास्त पंक्चर थांबत नाहीत, उलट चाकाचा बॅलन्स बिघडतो. पिन बसवा, हवा भरा आणि लगेच चार-पाच किलोमीटर सावकाश फिरवून आणा, म्हणजे लेप बसतो.

सुट्ट्या कॅनमधून, लेबल नसलेलं जेल घेऊ नका. नुसतं पाणी जास्त असेल तर रिम आतून गंजते, आणि ते टायर बदलेपर्यंत दिसत नाही. चांगलं जेलही आयुष्यभर चालत नाही. दोन वर्षांच्या आसपास ते घट्ट होतं, त्याच्या गोळ्या होतात. बाटलीवर मुदत असते, ती मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

आणि एक विनंती. पंक्चरच्या दुकानात गेल्यावर आधी सांगा, "मामा, आत जेल आहे." आमच्याकडच्या मामांच्या अंगावर, तोंडावर हे उडालेलं मी बघितलंय. पिन काढली की फवारा येतो. शिवाय आतून पॅच लावायचा असेल तर ती जागा धुऊन, सुकवून, घासून घ्यावी लागते, नाहीतर सोल्युशन धरत नाही. त्या कामाचे दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्या.

बरं, आता खिळा.

[पकड हातात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला. गेज लावतो.]

हवा मोजताना व्हॉल्व्ह वर ठेवा, नाहीतर जेल गेजमध्ये जाऊन गेज खराब होतो. किती आहे? 33. ठीक. आता काढतो.

निघाला. ऐकू येतंय? फुसss. हिरवे बुडबुडे बघा. चाक फिरवतो, भोक खाली आणतो, म्हणजे जेल तिथे जमेल. परत फिरवतो. बुडबुडे लहान झाले. आता एकच येतोय. थांबला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. थुंकी लावून बघतो, काही नाही. खिळा बघा, जवळजवळ बोटाच्या पेराएवढा. परत 33 भरून एक चक्कर मारून येतो.

[दुसऱ्या दिवशी सकाळी. तेच चाक.]

रात्रभर गाडी उभी होती. व्हॉल्व्ह वर घेतला. गेज लावतोय. 28.

डोळ्यांना काही दिसत नाहीये. टायर दाबून बघितला तर कडकच लागतोय. बुडबुडाही नाही. गेज नसता तर मी आज ह्याच गाडीवर आईला घेऊन तासगावला निघालो असतो. आता आधी मामांकडे जातो. टायर खोलून आतून पॅच लावून घेतो आणि आतले दोरे तुटलेत का ते बघतो. तुटले असतील तर टायरच बदलणार.