बासष्ट पोरं, चार बॉल

(उन्हाळी फुटबॉल शिबिरं चालवणाऱ्या आणि चालवायच्या विचारात असलेल्या मंडळींसमोर कोल्हापुरात झालेलं व्याख्यान. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

पहिल्या वर्षी आमच्याकडं ६२ पोरं आली आणि बॉल होते चार. चारही नंबर पाचचे, म्हणजे मोठ्यांचे, त्यातला एक तर एका बाजूनं फुगून कैरीसारखा झालेला. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, उलट छाती फुगली, पहिल्याच दिवशी ६२ पोरं, फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. मग पोरांच्या चार रांगा केल्या, प्रत्येक रांगेपुढं एक बॉल, पहिल्यानं प्लास्टिकच्या कोनाला वळसा घालून यायचं, दुसऱ्याला बॉल द्यायचा आणि मागं जाऊन उभं राहायचं. तुम्ही सगळ्यांनी हे केलंय, हसू नका. आता हिशेब करा. रांगेत पंधरा-सोळा पोरं, एकेकाला वीस सेकंद, म्हणजे पाच मिनिटांनी परत नंबर. तासाभरात जेमतेम चार मिनिटं पोराच्या पायाला बॉल. उरलेली छप्पन्न मिनिटं ते काय करणार? मातीत नाव लिहिणार, पुढच्याची चड्डी ओढणार, "सर पाणी", "सर एक नंबर". तिसऱ्या आठवड्यात मोजली तर २३ उरली होती.

आणि आम्ही काय म्हणालो? "आजकालच्या पोरांना मोबाइल पाहिजे हो, मैदान नको." हे वाक्य चहाच्या गाड्यावर मी स्वतः म्हटलंय, दोनदा. त्याच आठवड्यात कामावरून घरी येताना बघितलं तर आमच्यातलीच सोडून गेलेली पाच-सहा पोरं गल्लीत खेळत होती, प्लास्टिकच्या बॉलनं, दोन्हीकडं चपलांचे गोल, घामानं निथळत होती, आणि त्यातल्या एकानं मला बघून गाडीमागं तोंड लपवलं. माझ्या शिबिराला दांडी मारून पोरगं फुटबॉलच खेळत होतं, आता बोला.

मी काही मोठा कोच नाही. दिवसभर शिरोलीला फौंड्रीत असतो, तरुणपणी तालमीकडून खेळलो, म्हणजे बराच काळ बेंचवर बसलो, त्यामुळं वाट बघत बसणं म्हणजे काय ते मला खेळलेल्या लोकांपेक्षा जास्त कळतं. आपल्या कोल्हापुरात ही एक गंमत आहे, तालमी मुळात कुस्तीच्या, शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, आणि त्याच तालमींच्या नावानं पुढं फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही नावं इथं सात वर्षांच्या पोराला पाढ्याआधी येतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिकडं. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक बापाला घरात एक अनिकेत दिसायला लागलाय. गडहिंग्लजची मंडळी समोर बसलीत, त्यांना फुटबॉल मी काय सांगणार. पण बघायला जाणारी पोरं आणि खेळायला मिळणारी पोरं यांच्यात लई फरक आहे, आणि उन्हाळ्याचे सहा आठवडे त्या दुसऱ्या पोरांसाठी आहेत असं माझं मत आहे. निवड चाचणी, टॅलेंट वगैरे वर्षभर चालू असतंच की.

तर दुसऱ्या वर्षी आम्ही एकच ठरवलं, बॉल वाढवायचे. पैसे कुठून आणायचे? पहिल्या वर्षीचा खर्च काढला तेव्हा लाज वाटली. उद्घाटनाचा मांडव, फ्लेक्स, पाहुण्यांचे फेटे, शाल, नारळ, बुके, आणि पाहुणे बोलले चाळीस मिनिटं, पोरं उन्हात. हे सगळं काटलं. उद्घाटन म्हणजे मैदानावर नारळ फोडला, खोबरं वाटलं, खेळ सुरू, सात मिनिटांत. वाचलेल्या पैशात आणि थोड्या वर्गणीत २४ बॉल आले, छोट्यांसाठी नंबर तीन, दहा-बारा वर्षांच्यांसाठी नंबर चार. हा नंबर लोक मनावर घेत नाहीत. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा, तीन नंबरचा तीनशेच्या आसपास, सात वर्षांच्या पोराचा पाय केवढा, त्यानं जोर लावून मारला आणि बॉल चार पावलं जाऊन थांबला की ते परत जोर लावत नाही. एक स्पॉन्सर भेटले, दुकानदार, चांगला माणूस. म्हणाले टी-शर्ट देतो, पाठीवर नाव घाला. मी म्हटलं टी-शर्ट नको, बॉल द्या, बॉलवर नाव घालतो. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे दिवसभर माझ्या नावाला लाथा?" दिले पण शेवटी, नावाशिवाय.

आता बॉल आले म्हणून रांगा आपोआप जात नाहीत. आमचे शिकवणारे म्हणजे सोळा ते वीस वयाची तालमीतली पोरं, प्रेमळ आहेत, पहाटे साडेपाचला हजर, पण त्यांना जसं शिकवलं तसंच ती शिकवतात. शिट्टी, रांग, चुकलं की ग्राउंडला दोन राउंड. पळणं ही शिक्षा झाली की पोरगं जन्मभर पळणं टाळतंय. यातून बाहेर कसं यायचं ते कळेना. इंटरनेटवर लहान पोरांच्या ड्रिल बघितल्या, सगळ्या शार्क आणि मासे आणि कसले कसले, आमच्या पोरांना समजावून सांगण्यातच दहा मिनिटं जायची. मग एक दिवस आमच्यातली एक मुलगी, कॉलेजला आहे, पोरांचे दोन गट पाडायच्या भानगडीतच पडली नाही, सरळ ओरडली, "विषामृत, पण बॉलसकट!"

काय झालं सांगतो. वीस पोरं, अठरा बॉल, फक्कीनं आखलेला चौकोन, वीस पावलं बाय वीस पावलं. दोघांवर राज्य, त्यांच्याकडं बॉल नाही. बाकी सगळे आपापला बॉल पायात घेऊन चौकोनात हिंडणार. राज्य असलेल्यानं शिवलं की "विष", जागेवर थांबायचं, बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, पाय फाकवून उभं राहायचं. दुसऱ्या कुणीतरी येऊन आपला बॉल त्याच्या दोन पायांतून पलीकडं काढला की "अमृत", सुटला. नियम समजावायला किती वेळ लागला? शून्य. विषामृत सगळ्यांना येतंच. आणि बघा त्यात काय काय झालं, मान वर करून बॉल न्यायला लागतोय कारण राज्य कुठून येईल माहीत नाही, आयत्या वेळी वळायला लागतंय, आणि अमृत देताना नेमका पास मारायला लागतोय, पायांच्या फटीतून. आम्ही तीन आठवडे बोंबलून "मान वर, मान वर" शिकवत होतो ते तिनं चार मिनिटांत करून दाखवलं. सगळ्यात मागं राहणारा एक जाडसर पोरगा होता, त्याला पळता यायचं नाही फार, तो अमृतवाला झाला. नुसता पोरं सोडवत फिरायचा. सगळे त्याच्या नावानं ओरडायचे, "ए इकडं, अमृत दे, अमृत!"

मग आम्ही पेटलो. "शिवाजी म्हणतो" घेतलं, शिवाजी म्हणतो बॉलवर तळवा, शिवाजी म्हणतो डाव्या पायानं मागं ओढ, "उजवीकडं पळ!" आणि शिवाजी न म्हणता पळालेला परत चौकोनात, बाद कुणी नाही. हे महत्त्वाचं, बाद करायचं नाही. बाद झालेलं पोरगं म्हणजे परत उभं असलेलं पोरगं, आणि पहिलं बाद कोण होतं? ज्याला सगळ्यात जास्त खेळायची गरज आहे ते. डोंगर-पाणी पण जमलं, वाळूची पोती टाकून डोंगर केले. एवढंच की पोती परत कोण नेणार यावरून दोन दिवस भांडण.

मॅचचं सांगतो. लहानांना अकरा-अकरा खेळवू नका. मोठं मैदान, बावीस पोरं, आणि बॉलभोवती मधमाश्यांचं मोहोळ, त्यात चार दांडगी पोरं बॉल मारतात आणि लांबचा बॅक पाखरं मोजतो. आम्ही चार-चार खेळवतो, गोलकीपर नाही, मैदान साधारण तीस बाय वीस पावलं, एका शाळेच्या ग्राउंडवर अशी चार मैदानं बसतात. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशननं बेबी लीग काढली तीही याच विचारानं, लहान पोरं, लहान मैदान, कमी खेळाडू. दुसरा नियम मी अमेरिकेतून ढापलाय. तिथं कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये आयसो नावाची पोरांच्या फुटबॉलची संस्था सुरू झाली, सगळी आईबापांच्या स्वयंसेवेवर चालणारी, तिचा पहिलाच नियम असा की प्रत्येक पोरगं खेळणार, निदान अर्धी मॅच. कितीही कच्चं असू दे. मी हा नियम आमच्या शिकवणाऱ्या दादा लोकांना सांगितला तर पहिला प्रश्न, "मग जिंकायचं कसं?" म्हटलं तुझ्या आठ वर्षांच्या टीमनं हरल्यावर पेठेत चूल पेटणार नाही का?

पेठेवरून आठवलं. पहिल्या वर्षी पोरं आपापल्या तालमीचे रंग घालून यायची आणि गट पण तसेच पाडले होते आम्ही, सोपं पडतं म्हणून. दुसऱ्या शनिवारी दोन बाप लाइनवर एकमेकांच्या अंगावर गेले. पोरं खेळायची थांबून बापांकडं बघत होती. त्यानंतर टीम रोज नवीन, बिब, म्हणजे कपड्यांवर चढवायची रंगीत बंडी, वाटून, लिंबू-केशरी आणि निळी, कुठल्याच तालमीशी न जुळणारी पाहून घेतली. आणि आईबापांसाठी मैदानापासून दहा पावलांवर फक्कीची वेगळी लाइन. त्या लाइनीमागून टाळ्या वाजवा, पोराचं नाव घ्या, पण "मार की!", "पास दे रे गाढवा!" बंद. एक काका म्हणाले मग आम्ही यायचं कशाला? मी त्यांच्या हातात पाण्याचा जार दिला. आता ते पाचवं वर्ष पाणी सांभाळतायत, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांची शिट्टी माझ्यापेक्षा जोरात वाजते.

स्टडचं, म्हणजे तळाला खुंट्या असलेल्या फुटबॉलच्या बुटांचं, एक सांगतो, मग पुढं. आपल्याकडं एकाच गटात ब्रँडेड स्टड घातलेलं पोरगं आणि अनवाणी पोरगं असतंय. स्टडवाल्याचा पाय अनवाण्याच्या बोटांवर पडला की काय होतं ते मी बघितलंय, नख अर्धं निघालं होतं, आणि ते पोरगं रडलं नाही, फक्त परत आलं नाही. दहाच्या खाली स्टड बंद, कॅनव्हास नाहीतर अनवाणी, आणि पहाटे आधी मोठ्यांनी ओळीनं चालत काचा-खडे वेचायचे. हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, पण लहानांना नाही. अमेरिकेच्या फेडरेशननं दहा आणि त्याखालच्यांना बंद केलंय, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या पोरांना सरावात हेडिंग नाही. आमच्यातले जुने खेळाडू यावर नाक मुरडतात, मुरडू देत.

वेळ सव्वासहा ते साडेसात. साडेसातनंतर ऊन चटका देतंय, पोरांना कळत नाही, ती लाल होऊन खेळत राहतात. जाताना गूळ-शेंगदाणे आणि केळं. मोठ्यांची बॅच संध्याकाळी, आणि मे महिन्यात वळीव येतो, तेव्हा वीज कडाडली की खेळ बंद, झाडाखाली नाही, शाळेच्या व्हरांड्यात, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मोजायचा. पोरं शिव्या घालतात. घालू देत.

फॉर्मवर दोन फोन नंबर घ्या. बापाचा सकाळी सातला बंद असतो. आजोबांचा घ्या, आजोबा उठलेले असतात. न्यायला कोण येणार ते लिहून घ्या आणि त्याशिवाय कुणाच्या हाती पोरगं देऊ नका, ओळखीचा असला तरी. एकटा मोठा माणूस आणि एकटं पोरगं असं कुठंही, बाथरूमकडंसुद्धा, नको. फी ३०० ठेवलीय, आणि देता येत नसेल तर नाही, पण ती वही एकाच बाईंकडं असते, कुणी दिली नाही ते मला पण माहीत नसतं. मुद्दाम.

मुलींचं. "मुलींनाही प्रवेश" असं फ्लेक्सवर लिहून चार वर्षांत सहा आल्या. मग त्या विषामृतवाल्या मुलीला पूर्ण गट दिला, तर त्याच वर्षी एकोणीस. माझ्याकडून काही वेगळं झालं नव्हतं, आयांना मैदानावर एक ताई दिसली, एवढंच. आणि शाळेचं बाथरूम उघडं ठेवायची किल्ली, ती मिळवायला मला तीन चकरा माराव्या लागल्या.

शेवटच्या दिवशी आम्ही फायनल ठेवत नाही, दिवसभर छोट्या मॅच, सगळे खेळतात. मग बॉल मोजायचे, थोडी हवा काढायची, पोत्यात भरायचे, पुढच्या एप्रिलपर्यंत. यंदा २४ गेले आणि १९ परत आले. खजिनदार माझ्यावर चिडलेत, त्यांचं बरोबर आहे. पाचही कुठं आहेत मला साधारण माहीत आहे. एक तर आमच्याच गल्लीत आहे, संध्याकाळी सहाच्या सुमाराला रोज आमच्या जिन्याच्या दारावर आदळतोय, आणि त्या गाडीमागं तोंड लपवणाऱ्याचा धाकटा भाऊ "काका, बॉल!" म्हणून हाक मारतोय.