खोल्या कोण वाटतंय?

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी प्राध्यापक वगैरे नाही. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, नेट चालत नाहीये." डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणावं, तसं हे वाक्य. कुठे दुखतंय, कधीपासून, घरात आणखी कुणाला ताप आहे का, हे विचारल्याशिवाय डॉक्टर गोळी देत नाही. आपण मात्र राउटरचं बटण बंद-चालू करून मोकळे होतो.

त्याने बऱ्याचदा काम होतं, मी नाही म्हणत नाही. मीही करतो. पण त्यात एक नुकसान आहे. कुठला दिवा लाल होता, कॉम्प्युटरला काय पत्ता मिळाला होता, सगळा पुरावा पुसला जातो. चार दिवसांनी तेच दुखणं परत येतं तेव्हा आपण पुन्हा कोरे. म्हणून हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघायचं, आणि स्वतःला एकच विचारायचं: कुठपर्यंत पोचतंय?

पहिली गोष्ट, घरातला दुसरा फोन त्याच वायफायवर चालतो का बघा. इथे फसगत होते. फोनचं मोबाइल डेटा चालू असतं, व्हॉट्सॲप येत राहतं, आणि आपण म्हणतो, "वायफाय ठणठणीत आहे, कॉम्प्युटरच बिघडलाय." मोबाइल डेटा बंद करा, मग बोला.

कुठेच चालत नसेल तर फायबरच्या डबीकडे जा. तिच्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच डबीपर्यंत पोचत नाहीये. ती बारीक वायर कपाटामागे चेपली किंवा काटकोनात वळली, तर वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. वायर सैल करून बघा, नाहीतर सरळ कनेक्शनवाल्याला फोन लावा. कॉम्प्युटर उघडून काही मिळणार नाही. आणि कृपा करून वायर काढून तिच्या टोकात डोळा घालू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

बाकी सगळं चालतंय आणि एकच कॉम्प्युटर रुसलाय, तर गंमत सुरू होते. एअरप्लेन मोड लागलाय का, जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायची छोटी सरकपट्टी असते ती ढकलली गेलीय का, केबल असेल तर खोबणीत 'टक' करून बसलीय का, हे बघून घ्या. मग काळी खिडकी उघडा. विंडोजच्या सर्चमध्ये 'सीएमडी' टाइप केलं की येते. तिथे इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर मारा. आलेल्या गर्दीतल्या दोनच ओळी वाचायच्या: कॉम्प्युटरचा स्वतःचा आयपी ॲड्रेस, आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा.

आता हा पत्ता येतो कुठून? लग्नाचं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाड उतरलं की एक काका वही घेऊन बसलेले असतात. "तुम्ही खोली नंबर सात, जिना तिकडे." घरात हे काम राउटर करतो. कॉम्प्युटर जागा झाला की ओरडून विचारतो, "खोली कोण देतंय?" राउटर म्हणतो, "घे, १९२.१६८.१.७, आणि बाहेर जायचा दरवाजा १९२.१६८.१.१." या खोल्या ठरावीक मुदतीच्या असतात, मुदत संपत आली की पुन्हा मागून घ्याव्या लागतात. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात.

काका जागेवरच नसले तर? पाहुणा थोडा वेळ हाका मारतो आणि शेवटी वऱ्हांड्यात स्वतःच सतरंजी पसरतो. त्या सतरंजीचा पत्ता १६९.२५४ने सुरू होतो. हा आकडा दिसला की समजायचं, कॉम्प्युटरची हाक राउटरपर्यंत जात नाहीये किंवा राउटरचं उत्तर परत येत नाहीये. केबल, वायफायचा पासवर्ड, राउटर, एवढ्यातच शोधा. बाहेरच्या कंपनीशी भांडून उपयोग नाही, आपण अजून घराचा उंबराच ओलांडलेला नाही.

आणि एकाच कार्यालयात वही घेतलेले दोन काका बसले तर?

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका. वरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर. तक्रार अशी, की लाईट जाऊन आली की नेट बंद. कधी संध्याकाळपर्यंत, कधी दोन दिवस. मग आपोआप चालू. फोनला मात्र काहीच त्रास नाही. एकाने नेटवर्क कार्ड बदलून दिलं, दुसऱ्याने अख्खं विंडोज नव्याने टाकलं, त्यात काकूंचे जुने फोटोही गेले. मी गेलो तेव्हा नशिबाने नेट बंदच होतं. काकूंचा हात सवयीने बटणाकडे गेला, मी म्हटलं, "काकू, थांबा, काही करू नका."

कॉम्प्युटरचा पत्ता निघाला १९२.१६८.०.१०४. काकूंच्या फोनवर वायफायच्या तपशिलात पाहिलं, तर तिथे १९२.१६८.१.५. तिसरा आकडा बघा. एकाकडे शून्य, दुसऱ्याकडे एक. घर एक आणि गल्ल्या दोन! मग 'आयपीकॉन्फिग'पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल' लिहिलं. त्यात एक ओळ येते, पत्ता कुणी दिला त्याची. तिथे १९२.१६८.०.१. म्हणजे चोराने वहीत स्वतःची सही करून ठेवली होती.

केबल धरून मागे मागे गेलो. पुस्तकांच्या मांडणीमागे धुळीत एक जुना राउटर. पुतण्या सहा महिने राहायला होता, त्याला दोन केबल लावायच्या होत्या, म्हणून त्याने तो मल्टिप्लगसारखा मध्ये घातला. खालून आलेली वायर लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, भोकात, कॉम्प्युटरची वायर लॅनच्या भोकात. जोडणी चालते, चूक काही नाही. फक्त जुन्या राउटरची खोल्या वाटायची सवय कुणी बंद केली नव्हती. आणि लाईट आली की हे जुनं डबडं खालच्या नव्या राउटरच्या आधी जागं व्हायचं. कॉम्प्युटरने विचारलं, "खोली कोण देतंय?" हे म्हणायचं, "मी!" खोली मिळायची, पण दाखवलेल्या दरवाजामागे भिंत.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून त्या राउटरच्या पानावर गेलो. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२५० केला, खालचा राउटर कुणालाच देत नव्हता असा. डीएचसीपी बंद केलं. कॉम्प्युटरची केबल काढून पुन्हा लावली, १९२.१६८.१ची खोली मिळाली. दहा मिनिटांचं काम. नवं कार्ड आतमध्ये विनाकारण बसलंय ते वेगळं.

पत्ता बरोबर आहे आणि तरी पानं उघडत नाहीत, तर पिंग मारायचं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून उत्तर येतं का बघायचं. काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून पुढे दरवाजाचा पत्ता. उत्तर आलं तर घरातलं ठीक. मग ८.८.८.८ला, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. आलं तर बाहेरही जातंय. मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नाव दिलं की 'सापडत नाही' म्हणतो, तर नावाचा आकडा करून देणारी सोय, डीएनएस, बिघडली आहे. सेटिंगमध्ये दुसरी डीएनएस घातली की काम होतं. हा पिंग प्रोग्राम माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३मध्ये लिहिला, पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव दिलं. त्याच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून त्याने तो लिहायला घेतला, आणि पहिलं पिंग सुटायच्या आत तो बिघाड सापडून दुरुस्तही झाला होता! आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

एक माझी फजिती. जुना कॉम्प्युटर, पत्ता बरोबर, सगळे पिंग बरोबर, तरी बँकेची साइट उघडेना, मेल उघडेना. दोन तास राउटरशी झटापट केली. मग खालच्या कोपऱ्यात लक्ष गेलं, तारीख २००९ची. आतला बटणाएवढा सेल संपला होता. साइट ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवते ते आत्ताचं, कॉम्प्युटरच्या मते ते अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो विश्वास ठेवेना. सेल बदलला, तारीख लावली, झालं. पैसे फक्त सेलचे घेतले, लाज वाटत होती.

*प्रश्न (श्रोत्यांतून):* माझ्या लॅपटॉपला घरच्या वायफायचं नावच दिसत नाही. शेजाऱ्यांची सगळी दिसतात. मुलाच्या फोनला आमचंही दिसतं.

लॅपटॉप किती जुना? ...बारा वर्षं. बरं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पुष्कळ जुन्या लॅपटॉपना दुसरी ऐकूच येत नाही. तुमच्या राउटरवर कुणी २.४ बंद केलंय का ते आधी बघा. मुलाला विचारा, रागावू नका. ५ वेगवान असतं म्हणून केलं असेल. चालू करूनही नाव दिसलं नाही, तर लॅपटॉप उद्या दुकानात घेऊन या. अकराच्या नंतर या, आधी मी नसतो.