गरम पाण्याचं झाकण

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय ते वनस्पती प्लवकांबद्दल, म्हणजे फायटोप्लँक्टन, पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे सूक्ष्मजीव. एकेकटे डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक, पण पृथ्वीवरचं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण हेच करतात आणि समुद्रातल्या बहुतेक सगळ्यांचं पोट शेवटी यांच्यावरच चालतं.

उष्ण कटिबंधात ऊन बारा महिने, म्हणजे प्लवकांची चंगळ असेल असं वाटतं ना? तसं नाहीये. त्यांचं खत, नायट्रेट, फॉस्फेट, हे सगळं खालच्या थंड काळोख्या पाण्यात असतं, वरचं गरम पाणी हलकं, ते तरंगतच राहतं, जणू झाकणच, आणि खालचं वर येत नाही. पॅसिफिकमध्ये हे झाकण वारा सरकवतो. व्यापारी वारे गरम पाणी पश्चिमेला इंडोनेशियाकडे ढकलतात, इतकं की तिथली पातळी पूर्वेपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते, आणि मग पेरू-इक्वेडोरच्या बाजूला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं.

एल निनोत हेच वारे मंदावतात. पश्चिमेला साठलेलं गरम पाणी पूर्वेकडे पसरतं आणि तिथला गरम थर जाड होतो. किनाऱ्यालगत खालून पाणी तेव्हाही वर येतच असतं बरं का, पण येतं ते त्या जाड थरातलंच, गरम आणि खताविना! म्हणून मला विचाराल तर नुसतं पृष्ठभागाचं तापमान बघून भागत नाही, तो थर किती खोल गेलाय ते आधी बघायला हवं.

ऑगस्ट 1997 मध्ये समुद्राचा रंग मोजणारं (प्लवक जास्त तिथे पाणी हिरवं) सीविफ्स हे उपकरण घेऊन एक उपग्रह वर गेला, नेमका मोठा एल निनो चालू असताना. पॅसिफिकचा विषुववृत्तीय पट्टा हिरवेपणा हरवून निळाशार पडला होता, आणि त्याच काळात हिंदी महासागरात द्विध्रुवाचं चक्र, म्हणजे पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या पाण्याच्या तापमानाचा झोका, जोरात असल्याने सुमात्रा-जावाजवळ थंड पाणी वर आलं आणि एरवी प्लवक कमी असणारा तो समुद्र हिरवा झाला. एकच वर्ष, दोन समुद्र, दोन उलट गोष्टी.

मग मे 1998 मध्ये पॅसिफिकचे वारे परतले. विषुववृत्तावर एके ठिकाणी महिन्याभरात पाणी तब्बल 8 अंशांनी गार झालं, खत वर आलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत उपग्रहाच्या चित्रात त्याच निळ्या पाण्यावर हिरवा पट्टा लांबच लांब पसरलेला दिसला.