फोन कुणी ठेवला?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या भाचीचा साखरपुडा ठरत होता तेव्हाची गोष्ट. ताई ग्वाल्हेरला, दादा बडोद्याला आणि मी इथे इंदूरला, लोकमान्य नगरात. तिघांनी मिळून ठरवायचं म्हणून मी आधी ताईला फोन लावला, तिला "थांब हं जरा" म्हणत दादाला लावला आणि दोघांना जोडून दिलं. जेवणात श्रीखंड की बासुंदी, यावरून जुंपली. दादाचा आवाज चढला, ताईचा त्याहून चढला आणि ऐन रंगात फोन बंद. ताईला वाटलं दादानं आपटला, दादाला वाटलं ताईनं. दोन दिवस अबोला! आणि झालं होतं एवढंच, की माझ्या फोनची बॅटरी संपली होती.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडेच आलं. ताईचा पहिला प्रश्न बिनतोड होता. "अरे, तुझा फोन बंद पडला तर पडला, मी आणि दादा तर बोलत होतो ना? आमचं का तुटलं?"

तर ऐका. आपण स्क्रीनवर 'मर्ज' दाबतो तेव्हा वाटतं की दोन्ही आवाज आपल्याच फोननं एकत्र केले. तसं काही होत नाही. साध्या जीएसएम, म्हणजे टू-जीच्या, फोनला आवाजासाठी हवेतून वाट मिळते ती एकच. टॉवरचा एक रेडिओ चॅनल आठ जणांत वाटलेला असतो आणि त्यातला आठवा हिस्सा आपला. त्या अरुंद बोळातून दोन माणसं शेजारी शेजारी येऊ शकत नाहीत. मी दादाला फोन लावत होतो तेव्हा ताईचा आवाज माझ्या फोनपर्यंत येतच नव्हता. तो अलीकडेच, मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये थांबला होता. 'मर्ज' म्हणजे माझ्या फोननं एक्स्चेंजला पाठवलेला निरोप: ही दोघं आणि मी, तिघांना एकत्र बसव. त्या एक्स्चेंजमध्ये कॉन्फरन्स ब्रिज नावाची सोय असते. बैठक भरते ती तिथे.

आणि तिथे चालतो तो हिशेब मला आजही मोहात पाडतो. एक्स्चेंजमध्ये प्रत्येकाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, दर मोजणीचा एक आकडा. हवेतून येताना आवाज घडी घालून, दाबून आलेला असतो. बेरीज करायची तर आधी घडी उलगडावी लागते. समजा, एका क्षणी ताईचा आकडा आहे ४०, दादाचा उणे १५ आणि माझा ५. सगळ्यांची बेरीज ३०. पण ३० कुणालाच पाठवायचे नाहीत! मला जातात ताई आणि दादा मिळून २५. ताईला दादा आणि मी, म्हणजे उणे १०. दादाला ४५. ज्याला त्याला स्वतःचा आवाज वजा करून. ही वजाबाकी विसरली, तर आपलंच वाक्य क्षणभरानं आपल्या कानात परत येईल, विहिरीत डोकावून हाक मारल्यासारखं. तसं ऐकत सलग चार वाक्यं बोलून बघा, जीभ अडखळते.

बेरजेची दुसरी गंमत म्हणजे ब्रिजला माणूस आणि कुकर यांतला फरक कळत नाही. ताईच्या ओट्यावरची शिट्टी बडोद्यात वाजते. कुणी मधेच दुसरा फोन घेतला, तर त्याच्या कंपनीची 'कृपया लाइनवर थांबा'ची धून सगळ्यांना ऐकावी लागते आणि ज्यानं हा उपद्व्याप केला तो एकटाच त्यातून सुटतो. माणसं वाढली की प्रत्येकाच्या खोलीतला पंखा, टीव्ही, रस्ता हेही बेरजेत येतात. म्हणून मोठ्या बैठकांचे ब्रिज त्या क्षणी जे दोन-तीन जण मोठ्यानं बोलताहेत तेवढ्यांनाच धरतात. हळू बोलणारा तिथेही मागे पडतो.

जीएसएमच्या नियमात जोडणाऱ्याला आणखी पाच जण घेता येतात, म्हणजे एकूण सहा. त्यातल्या एकाशी खासगीत बोलता येतं, एखाद्याला वगळता येतं. बटनांचे फोन होते तेव्हा मी हे आकड्यांनी करायचो. पहिला होल्डवर, दुसरा चालू, मग ३ दाबून हिरवं बटन, की झाली कॉन्फरन्स. १२ आणि हिरवं बटन, की दुसरा बाहेर. नातवाला हे दाखवलं तर तो म्हणाला, "आबा, हे तर चीट कोड आहेत."

आता ताईचं उत्तर. ब्रिजवरच्या दोन्ही तारा माझ्या नावावर होत्या. ताईला फोन लावला मी, दादालाही मी, दोन्ही कॉलचे पैसे माझ्याच खात्यावर. ताई आणि दादा यांच्यात असा स्वतंत्र कॉल नव्हताच. होते ते माझे दोन कॉल, एकमेकांना टेकवलेले. यजमान उठला की बैठक मोडते. ताई उठली असती तर दादा आणि मी बोलत राहिलो असतो. व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल ही वेगळी चीज आहे. तिथे ज्यानं सुरू केला तो निघून गेला तरी बाकीच्यांचं चालू राहतं.

फोर-जीच्या व्होल्टीमध्ये, म्हणजे डेटाच्या वाटेनं जाणाऱ्या कॉलमध्ये, पद्धत थोडी बदलली. आवाजाची डेटासारखी छोटी पाकिटं होतात, फोन नेटवर्कमधल्या कॉन्फरन्सच्या ठरलेल्या पत्त्यावर कॉल लावतो आणि 'यांनाही बोलावून घ्या' असं कळवतो. बेरीज-वजाबाकी करतो मीडिया सर्व्हर. आवाजही खुलतो. जुन्या फोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढीच पट्टी येते, या नव्या आवाजात ती ५० ते ७,००० पर्यंत जाते. पण दादा अजून लँडलाइनवर आहे. त्यामुळे ताई समोर बसल्यासारखी ऐकू येते आणि दादा डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. त्यात त्याचा दोष नाही, हे ताईला पटत नाही.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो, कारण यात जाणती माणसंही फसली आहेत. अनोळखी माणूस फोन करतो, तुमच्या मित्राची ओळख सांगतो आणि म्हणतो, "तो दुसऱ्या नंबरवरून फोन करतोय, कॉल मर्ज करा." त्याच वेळी खरंच दुसरा कॉल येतो. तो मित्राचा नसतो, बँकेच्या यंत्राचा असतो आणि ते यंत्र तुमचा ओटीपी वाचून दाखवतं. मघाची बेरीज आठवा. तुम्ही जोडलंत की ब्रिज तो आकडा इमानेइतबारे चोराच्याही कानात घालतो. तुम्ही ओटीपी कुणाला सांगितला नाही, तरी पोचला! ज्याचा आवाज ओळखीचा नाही त्याच्या सांगण्यावरून 'मर्ज' दाबू नका. दोन्ही कॉल बंद करा आणि मित्राला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा.

साखरपुड्यात शेवटी श्रीखंडही झालं आणि बासुंदीही. तेव्हापासून रविवारचा फोन ताई जोडते, यजमानपद तिनं मागूनच घेतलं. त्यामुळे ग्वाल्हेरला कुकरची तिसरी शिट्टी झाली, की दादाचं वाक्य कुठेही असो, इंदूर आणि बडोदा एकदमच कट होतात.