खाऱ्या वाऱ्यातलं कंट्री स्टेशन

न्यू ऑर्लिन्स, लुइझियाना. एफएमवर 101.1 लावलं की कानावर येतात फिडल, बॅन्जो आणि स्टील गिटार. हे डब्ल्यूएनओई, इथलं कंट्री स्टेशन, म्हणजे अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांचं. शहराच्या पलीकडे दलदल, खाड्या आणि मग मेक्सिकोचं आखात. या किनारपट्टीवर ट्रकमध्ये, गॅरेजमध्ये, कोळंबीच्या बोटींवर रेडिओ सोबतीला असतो.

अमेरिकेत मोठ्या एफएम स्टेशनला 100 किलोवॉटपर्यंत प्रसारणशक्तीचा परवाना मिळतो. ट्रान्समीटर मात्र साधारण 25 ते 30 किलोवॉटचाच पुरतो. उरलेलं काम अँटेनाचं. मनोऱ्यावर एकाखाली एक बसवलेले तिचे भाग वर-खाली वाया जाणारी शक्ती क्षितिजाकडे वळवतात. अँटेना 300 मीटरवर असेल, तर सपाट समुद्रावर 70 किलोमीटरपलीकडच्या बोटीलाही गाणं मिळतं. वारा पडून पाण्यावर उबदार हवेचा थर साचला, की त्याच फ्रिक्वेन्सीवरचं शेकडो किलोमीटर दूरचं स्टेशन मध्येच घुसतं. त्यावर इलाज नाही.

आवाजाला मात्र इलाज आहे. अमेरिकन एफएमवर प्रसारणापूर्वी वरचे सूर मुद्दाम चढवतात: 75 मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस, म्हणजे 15 किलोहर्ट्झला सुमारे 17 डेसिबलची वाढ. रेडिओ ते तेवढेच उतरवतो, त्यासोबत खरखरही उतरते. पण फिडल आणि झांजांचा सूर मुळातच टोकदार. प्रसारणाआधी आवाज घडवणारा प्रोसेसर ताणला, की त्यातला लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज रोखणारा भाग) त्यांना दाबतो आणि स्टील गिटारची सुंदर मींड सपाट होते. कंट्रीसाठी प्रोसेसिंग मोकळंच हवं. सगळ्यांत मोठा आवाज आपलाच असावा, या चढाओढीत नेमकं हेच बळी जातं.

खरी लढाई खाऱ्या, दमट हवेशी. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाते ती तांब्याची लाइन, नळीच्या आत नळी, साधारण 20 फुटांच्या तुकड्यांत. आतल्या नळीचे सांधे जोडणाऱ्या तुकड्याला इंजिनियर 'बुलेट' म्हणतात. लाइनमध्ये कोरडी हवा किंवा नायट्रोजन थोड्या दाबाने, 3 ते 5 पीएसआयवर (चौरस इंचावर पौंड, दाबाचं माप) भरलेला असतो. दाबाचा काटा उतरला, तर कुठली तरी ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, गेली समजा. मग ओल आत शिरते. त्यात आतली नळी तापून लांबते, निवून आखडते. या रोजच्या घासण्याने बुलेट सैल होतो, सांधा तापतो, दोन नळ्यांना वेगळं ठेवणारं टेफ्लॉन काळं पडतं आणि एक दिवस ठिणगी उडते. रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनाकडे न जाता परत फिरणारी शक्ती, वाढताच ट्रान्समीटर आधी शक्ती कमी करतो, मग बंद पडतो. म्हणून दाबाच्या काट्याची नोंद रोज.

वीज गेल्यावर भिस्त जनरेटरवर. त्याची चाचणी लोडवरच, म्हणजे खरा भार टाकूनच, घ्यायची. नुसता फिरवून काही कळत नाही. ऐन वादळात तो दगा देतो तो बहुधा उतरलेल्या बॅटरीने, नाहीतर जुन्या डिझेलच्या गाळाने फिल्टर तुंबून.

29 ऑगस्ट 2005. कॅटरिना चक्रीवादळ. डब्ल्यूएनओई तेव्हा क्लिअर चॅनेल कंपनीचं. त्या कंपनीने आणि प्रतिस्पर्धी एंटरकॉमने स्पर्धा बाजूला ठेवून बॅटन रूजमधून एकत्र प्रसारण सुरू केलं. बातम्या, मदतीची माहिती, श्रोत्यांचे फोन. गाण्यांसाठी लावलेले मनोरे अशा वेळी माणसांच्या कामी येतात.

वादळानंतर पुन्हा पूर्ण शक्ती द्यायची घाई नको. आधी मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या तारांचे ताण आणि मनोऱ्यावरचे दिवे तपासायचे. लाइनमधली ओली हवा नायट्रोजनने बाहेर काढायची, दाब टिकतो का पाहायचं, मग 10 टक्के शक्तीवर सुरुवात. रिफ्लेक्टेड पॉवरचा काटा जागेवर राहिला, तरच पुढची पायरी.