पाव बसतो तो यीस्टमुळे नव्हे, उन्हामुळे

ताईंनो, मे लागला की विदर्भातल्या गावोगावच्या बेकऱ्यांमधून एकच तक्रार येते: पाव बसतो, यीस्टची पाकिटंच खराब येतात. पाकिटांचा दोष बहुतेक वेळा नसतोच. आणि पाव बसला की दुसऱ्या दिवशी यीस्ट वाढवायचं, ही सवय तर आधी सोडा. त्यानं दुखणं वाढतं.

यीस्ट जिवंत असतं. मळलेलं पीठ २६ ते २८ अंशांवर असलं की ते बेतानं काम करतं. पीठ चाळिशीकडे सरकलं की भराभर फुगतं, आंबट वास मारतो, आणि भट्टीत जाईपर्यंत खाली बसतं. साठीजवळ यीस्ट मरतंच. म्हणून पीठ अजिबात फुगलं नाही, तर यीस्ट मेलंय का ते बघा. फुगून बसलं, तर पीठ तापलंय.

बिअर करणारे हे केव्हाच शिकले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सेन यांनी १८८३ साली यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली. पण यीस्ट कितीही शुद्ध असो, उकळलेला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) रस गार केल्याशिवाय त्यात घालायचं नाही, हा नियम कायम राहिला. एल जातीच्या बिअरला साधारण १८ ते २२ अंश लागतात. रस गरम असताना यीस्ट सोडलं तर बिअरला उग्र वास येतो. एल बिअरचं आणि आपल्या पावाचं यीस्ट एकाच जातीचं. त्यांना अख्खा रस गार करता येतो. आपला मैदा तापलेला, टिनाचं शेड तापलेलं. हातात उरतं फक्त पाणी.

मग हिशेब करू. पीठ २७ अंशांवर हवं. मैदा, खोली आणि पाणी या तिन्हींचा त्यात वाटा, म्हणून त्याची तिप्पट ८१. त्यातून मैद्याचे ३८, खोलीचे ४० आणि मळताना घर्षणानं वाढणारे साधारण ६ वजा करा. जे उरतं ते पाण्याचं तापमान, आणि ते येतं उणे ३. म्हणजे नुसत्या गार पाण्यानं भागणार नाही, बर्फच लागणार. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात एक लिटर पाणी ८० अंशांनी तापलं असतं. १० किलो मैद्याला ६ लिटर पाणी लागत असेल आणि ते ३४ अंशांचं असेल, तर त्यातलं २ लिटर कमी करून २ किलो बर्फाचा चुरा घाला. हाच हिशेब डिसेंबरातल्या पहाटे मांडला, तर मैदा १८, खोली १६, आणि पाणी ४१ अंशांचं, चांगलं कोमट लागतं!

एक काळजी घ्या. कोरडं यीस्ट बर्फाच्या पाण्यात टाकू नका. थंडीच्या धक्क्यानं पेशींमधला ऐवज बाहेर झिरपतो आणि पीठ सैल पडतं. इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात नीट मिसळा, मगच गार पाणी घाला.

छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी घेऊच नका. आदल्या रात्री रांजण भरून ठेवा. आपल्याकडची मे महिन्यातली कोरडी हवा पाणी चांगलं गार करते, त्यामुळे बर्फ कमी लागतो. जुलैत हवा दमट झाली की रांजणाचा तेवढा भरवसा नाही. लाइन जाणार असेल, तर उघडलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या डब्यात, बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा. आणि काडीचा थर्मामीटर घ्या. मळून झालं की गोळ्याच्या मधोमध खुपसा आणि आकडा वहीत लिहा. ३० च्या वर दिसला, तर उद्या बर्फ वाढवायचा, यीस्ट नाही.