उद्योजकता म्हणजे किती मार्काचा पेपर?

सांगली, विश्रामबाग. सकाळचे दहा वाजलेत, चहाच्या गाड्याभोवती कॉलेजच्या पोरापोरींचा गराडा पडलाय, आणि आम्ही कॅमेरा घेऊन एकच प्रश्न विचारत फिरतोय, उद्योजकता म्हणजे काय? एक म्हणतो, बिझनेस प्लॅन लिहायचा असतो सर, प्रोजेक्टला मार्क आहेत. दुसरा म्हणतो, जिल्हा उद्योग केंद्रात जायचं, लोन आणि सबसिडी. तिसरा म्हणतो नोकरी नाही लागली तर करायचं ते.

पोरं चुकली असं मला वाटत नाही, त्यांना जसं शिकवलं तसंच ती सांगतायत.

पण ही मुलगी बघा. तासगावच्या बाजूची, घरी बेदाण्याचं शेड. सहज विचारलं तर सुरूच झाली, चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा बसतो, हिरवा राहिला तर भाव वेगळा, काळा पडला तर वेगळा, अवकाळी पाऊस आला की रात्री ताडपत्र्या घेऊन पळायचं, आणि सौदा झाला म्हणून पैसे लगेच हातात येत नाहीत. मग प्रोजेक्ट कशावर केलास गं? तर मोबाईल अ‍ॅपवर. बेदाण्यावर का नाही? "घरचं काय लिहायचं त्यात?"

ह्या एका वाक्यावर मी अडकलोय. कारण हाच जिल्हा आहे जिथं १९१० साली, कुंडलच्या माळावर, निवडुंग तोडून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. ते स्वतः आधी मुंबईत शिक्षक होते. लोखंडी नांगर बनवला तर शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन नासते, दोन वर्षं नांगर खपेना. आणि हेच नांगर विकत गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील, म्हणजे आपले कर्मवीर, ज्यांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' आणलं. शिकणं आणि विकणं ही दोन कामं त्यांनी कधी वेगळी धरलीच नाहीत, आपण मात्र त्याचं युनिट एक, युनिट दोन करून टाकलं, ह्याचं खरंच वाईट वाटतं.

संध्याकाळी आम्ही त्या मुलीच्या शेडवर गेलो. ती वही घेऊन बसली होती, वडिलांना विचारत होती, पप्पा, गेल्या वर्षीची येणी किती राहिली, व्यापाऱ्याकडून कितव्या दिवशी आली? वडील बोटांवर मोजत सांगत होते, मधेच थांबले.

"हे पण पेपरला येतं होय?"